वीसपटीची वही

१

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता मामांनी जिन्याच्या माथ्यावर टांगलेल्या आपल्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तो हात बराच वेळ बाहेर आला नाही. खिशात चष्म्याचे घर होते, घडी घातलेला रुमाल होता, लवंगांची डबी होती. वही नव्हती.

दहाच मिनिटांपूर्वी क्लबच्या मालकांनी त्यांना आणि पोकरच्या टेबलावर पत्ते वाटणाऱ्या त्यांच्या भाचीला आत बोलावून दार लावून घेतले होते. आरोप साधा होता. मामा गेली अकरा वर्षे थोडेथोडे पण सतत जिंकत आहेत. भाची तीन वर्षांपासून पत्ते वाटते आहे. आणि आपण मामा-भाची आहोत हे दोघांनी क्लबात कुणालाही सांगितलेले नाही.

"माझी वही बघा," मामा म्हणाले होते. "मी सगळ्या चिप्स लोटल्या असा प्रत्येक डाव त्यात आहे. तारीख, पत्ते कुणी वाटले, जिंकलो की हरलो, सगळं."

"आणा," मालक म्हणाले होते.

आणि आता वही नव्हती. मालकांनी शुक्रवारी पाच वाजेपर्यंतची मुदत दिली. तोवर मामांनी टेबलाला शिवायचे नाही. भाचीने काम करायचे, पण मालक तिच्या मागे उभे राहून नजर ठेवणार. शुक्रवारी वही आली नाही तर दोघांनाही कायमचा रामराम.

ही हकिगत बाईंनी आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकली. बाई म्हणजे त्या भाचीच्या सासूबाई. विमा कंपनीसाठी तीस वर्षे त्यांनी जळालेली गोदामे आणि हरवलेले दागिने तपासले होते. आठच दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. औषधाच्या थेंबांमुळे सारे जग दुधात बुडवून काढल्यासारखे दिसे. दिव्यांभोवती वर्तुळे तरंगत, माणसे कडांशी विरघळत आणि आवाज मात्र विलक्षण स्पष्ट होत. सुनेचा आवाज आज काठाशी थरथरत होता.

"आई, नोकरीचं मी बघेन कुठेतरी. पण पत्ते वाटणारीवर लबाडीचा शिक्का बसला ना, की कुठल्याच टेबलावर कुणी उभं करत नाही. मला दुसरं काही येत नाही हो."

"शिक्का बसू द्यायचा नाही," बाई म्हणाल्या. "पण मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. उद्या तुझ्या मामांकडे घेऊन चल."

२

मामा निवृत्त मुद्रितशोधक होते. त्यांच्या खोलीत शिरल्यावर बाईंना कागदाचा वास आधी आला आणि मामा नंतर दिसले, तेही खिडकीच्या उजेडात एका करड्या डागासारखे.

"बसा, विहीणबाई. तुम्हाला माझ्यापायी तसदी."

"तसदीचं राहू द्या. तुम्ही जिंकता कसे, ते लहान मुलाला सांगावं तसं सांगा."

मामा हसले. क्लबात त्यांना 'वीसवाले' म्हणत. टेबलावर नऊ जण बसत. प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघण्याआधीच सक्तीची रक्कम टाकावी लागे. तिला ब्लाइंड म्हणत, एक लहान आणि एक मोठी. मोठीच्या वीसपट चिप्स घेऊन बसणे ही क्लबची किमान अट होती. बाकीचे दोनशेपट घेऊन बसत. मामा वीसपटच घेत.

"ज्याच्यापुढे दोनशे आहेत त्याला एका डावात चार-चार वेळा डोकं फोडावं लागतं," मामा म्हणाले. "माझ्यापुढे प्रश्न एकच. पत्ते टाकायचे, की सगळं लोटायचं? लोटलं की माझं काम संपलं. पुढे डोकं त्यांनी चालवायचं. आणि ते बहुतेक वेळा एकमेकांचे दोनशे मिळवायच्या नादात असतात. मी मधला क्षुल्लक माणूस. माझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ आहे?"

"आणि जिंकलात की?"

"वीसचे चाळीस झाले की उठतो. चाळीसवाला मी वेगळा माणूस असतो, विहीणबाई, त्याला खेळता येत नाही. मग तासभर मला त्या टेबलावर वीस घेऊन परत बसता येत नाही, तो क्लबचा नियम आहे. तो तास मी जिन्यापाशी बसून वही लिहितो. लोकांना राग येतो. येणारच."

वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता होता, तो मामांना तोंडपाठ होता. डावीकडे दोनपासून आठपर्यंत आकडे, प्रत्येकापुढे लोटण्याजोगे पत्ते. दोनच्या ओळीत पुष्कळ काही: कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, राजा-दश्शी. आकडा वाढेल तशी ओळ आखूड होत जाई. सात-आठच्या ओळीत फक्त नव्वीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी. बाकी सगळे फेकायचे.

"हे आकडे कसले?"

"माझ्यामागून बोलायचे, म्हणजे खेळतो की टाकतो ते सांगायचे, राहिलेले लोक. मागे दोघंच उरले असतील तर त्यांच्याकडे भारी पत्ते असण्याची भीती कमी, म्हणून हात सैल सोडायचा. आठ जण उरले असतील तर मूठ आवळायची. सगळी विद्या एवढीच आहे."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला सांगणार? मीच लिहिणार, मीच वाचणार."

खिडकीतला करडा डाग मागे टेकला.

"वही शेवटची कधी लिहिलीत? आणि त्यानंतर कोटाजवळ कोणकोण आलं होतं?"

"सोमवारी दुपारी. नंतर टेबलावरची तिघंच आली. ठेकेदार, फुलवाली आणि आमचा चष्म्या." मामांचा आवाज उतरला. "आणि कालपासून तिघंही वीस-वीस घेऊनच बसतायत म्हणे."

३

शुक्रवारी दुपारी दोन वाजता सुनेच्या दंडाला धरून बाई क्लबचा जिना चढल्या. वरची खोली लांबट होती. खिडक्यांना हिरवे पडदे होते आणि त्यातून गाळून येणारा उजेड तळ्याच्या तळाशी पोचणाऱ्या उजेडासारखा होता. पंखे आळसावून फिरत होते. चिप्सचा आवाज येई तो ओल्या वाळूवरून खेकडे चालावेत तसा. इथे बसलेला माणूस घरी काय ठेवून आला हे हळूहळू विसरत असेल, असे बाईंना वाटले.

ठेकेदार स्वतःच येऊन समोर बसला. मोठा, गरम, अत्तराचा वास असलेला ढग.

"पत्ते वाटणाऱ्या वहिनींच्या सासूबाई ना तुम्ही? विचारा, काय वाटेल ते विचारा. वीसवाल्यांशी माझं वाकडं आहे, लपवत नाही. लग्नाला यायचं, फक्त जेवायचं आणि हात धुतले की चप्पल शोधायला लागायचं! असला पाहुणा कुणाला आवडेल?"

"मग तुम्ही का वीस घेऊन बसताय?"

"टिंगल म्हणून! ते नाहीत ना तीन दिवस, म्हटलं त्यांची गादी चालवू. मी पत्ते बघतच नाही. आले की लोट, आले की लोट! पाच वेळा धुतला गेलो, पण हसून हसून पोट दुखलं."

"सोमवारी जिन्यापाशी कशाला गेला होतात?"

"बायकोचा फोन होता, बाई. तो काय चारचौघांत घेतात?"

तो हसत गेला. मग फुलवाली आली. तिच्या बोटांना देठांच्या रसाचा कडवट वास होता, आणि ती बसण्यापूर्वीच भांडायला लागली.

"मी जिंकले म्हणून चोर का? मालकांनी काल माझी पिशवी उपसली. गुलछडीच्या देठांखाली वही शोधत होते! फुलं चुरगळली ती कोण भरून देणार?"

"किती जिंकलात?"

"तीन दिवसांत दोनदा दुप्पट. एक्के नाहीतर राजे हातात आल्याशिवाय मी पैशाला शिवत नाही. पहाटे चारला उठून हार बांधणारी बाई मी, दुपारी मला डोकं चालवायचंच नसतं. त्याला वही कशाला लागते?"

"मग आधी कधी वीस घेऊन का बसला नाहीत?"

फुलवाली घुटमळली. "आधी वीसवाले बसायचे ना. त्यांच्यासमोर तसंच करायचं म्हणजे... लाज वाटायची."

बाईंच्या मागे मालकांचा आवाज आला, अगदी कानाजवळ. "ऐकलंत? जिंकणारी ही एकटीच. वही जिच्याकडे असेल तीच जिंकणार. पाच वाजता मी हिलाही काढणार आहे."

४

चष्मेवाले खिडकीशी बसले होते. साऱ्या क्लबाचे चष्मे त्यांच्याच दुकानातले. त्यांनी आधी बाईंच्या डोळ्यांची चौकशी केली.

"उजेडाकडे बघा. हं. अजून पंधरा दिवस नंबर बसायचा नाही. तोवर वाचू नका काही."

"वाचायला मिळतंय कुठे? वही तर हरवली."

ते हसले, पण उशिरा. "तो आणि मी शाळेत एका बाकावर. मी त्याला वीसवाले म्हणत नाही, तो मला चष्मेवाले म्हणत नाही."

"त्यांनी तुम्हाला हा खेळ कधी शिकवला नाही?"

"म्हणायचा, शिकवण्यासारखं काय आहे रे त्यात, नुसतं बसून राहायचं असतं." चष्मेवाले खिशातून फडके काढून, कुणाचाच नसलेला एक चष्मा पुसत राहिले. "मी बसून राहिलो. दोनशे घेऊन. दर आठवड्याला हरत. तो चाळीस झाले की उठायचा आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटायचा."

"आणि आता तुम्हीही वीस घेऊन बसता."

"सगळेच बसतायत म्हणून. चार वेळा बसलो, चारही वेळा गेलो. विचारा तुमच्या सुनेला. परवा तर ठेकेदार म्हणाला, तुमच्यापेक्षा मी न बघता बरा खेळतो." त्यांनी चष्मा उजेडासमोर धरला. "वही माझ्याकडे असती, तर हरलो असतो का, बाई?"

प्रश्न बिनतोड होता. पण वही तुमच्याकडे आहे का, असे बाईंनी विचारलेच नव्हते.

५

साडेतीनला सुनेला पंधरा मिनिटांची सुट्टी मिळाली. दोघी जिन्यापाशी बाकावर बसल्या.

"कोण कुठे बसून काय खेळलं, आठवतं?"

"आई, माझं कामच ते. डोळे मिटून सांगते."

"मीही मिटते. फक्त लोटलेले पत्ते सांग, आणि दाखवून टाकलेले. आणि बोलायची पाळी कितवी होती, तेही."

सून सांगत गेली. ठेकेदार: पहिली पाळी, लोटले, पाचवी, लोटले, सातवी, लोटले. हातात काय आहे याचा पत्ताच नाही. फुलवाली: एक्के, राजे, पुन्हा एक्के, पाळी कुठलीही असो. बाकी सगळे टाकलेले.

"आणि चष्मेवाले?"

"त्यांचं काही समजतच नाही. दुसऱ्या पाळीला एक्का आणि तिर्री घेऊन सगळं लोटलं. पुन्हा दुसऱ्याच पाळीला चव्वीची जोडी. तिसऱ्या पाळीला राजा-गुलाम. मागे सहा-सात जण बसलेले, कुणाकडे तरी भारी असणारच, गेले. आणि सातव्या पाळीला, मागे फक्त दोन ब्लाइंडवाले उरलेले असताना, सत्तीची जोडी उलटी करून दाखवली आणि टाकली. 'बघा, सोडली,' म्हणाले. एक्का-गुलामही तसाच टाकला. चेहरा असा, की जणू उपासच पाळतायत."

सून उठून आत गेली. बाई तशाच बसून राहिल्या. समोरच्या काचेच्या दारात आतल्या टेबलाचे प्रतिबिंब तरंगत होते. डावीकडची माणसे उजवीकडे गेली होती, आणि आपल्या अर्ध्या झोपेतल्या डोळ्यांना त्यात काही चुकीचे दिसत नव्हते. प्रतिबिंबातला खेळही खेळच होता. तिथे शेवटचा माणूस पहिला होता आणि पहिला शेवटचा, इतकेच.

बाईंची झोप उडाली. मालकांचे गणित उलटे होते. जिंकणारी माणसे तपासून काही मिळणार नव्हते. वही हरणाऱ्याच्या खिशात होती.

६

साडेचार वाजले होते. बाई खिडकीशी जाऊन चष्मेवाल्यांच्या शेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दोन म्हणजे दुसरी पाळी नव्हे."

चष्मेवाल्यांचे फडके थांबले.

"ठेकेदार सगळ्या पाळ्यांना सारखाच खेळतो. फुलवालीही. पाळी बघून पत्ते निवडायचे हे इथे वीसवाल्यांखेरीज कुणी करत नाही. तुम्ही तीन दिवस तेच करताय, फक्त उलट्या टोकाकडून. आकडा बोलायच्या पाळीचा नाही. मागे उरलेल्या माणसांचा आहे. सातव्या पाळीला मागे दोन उरतात, तेव्हा दोनची ओळ वाचायची. तुम्ही सातची वाचलीत आणि सत्तीची जोडी टाकलीत. दुसऱ्या पाळीला मागे सात उरतात. तुम्ही दोनची ओळ वाचलीत आणि एक्का-तिर्रीवर सगळं लोटलंत. एखादा अडाणी कसाही चुकतो. इतकं नेमकं चुकायला समोर काहीतरी लिहिलेलं असावं लागतं."

चष्मेवाल्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी हात घातला. अरुंद, जाडसर वही होती. तिला अंगाची ऊब होती.

"एका दिवसात वाचून परत ठेवणार होतो," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. मंगळवारी आलो तर हा गोंधळ. त्या पोरीकडे बघवत नव्हतं. आणि तरी रोज वाटायचं, आज एकदा जिंकून बघू, मग ठेवू." ते थांबले. "मागे उरलेली माणसं. इतकंच होतं?"

"इतकंच."

"बाई, तुम्हीच घ्या ना ही. बाकाखाली सापडली म्हणा. तुमच्या शब्दावर कोण शंका घेईल?"

बाईंनी वही हातात घेतली. तीस वर्षांत अशा बाकाखाली सापडलेल्या वस्तू त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, आणि एकीवरही विश्वास ठेवला नव्हता.

"मालक म्हणतील, मामा-भाचीने तीन दिवस घरी बसून लिहून काढली. सासूने आणून टाकली. सोमवारपासून ही कुठे होती हे सांगणारा माणूस लागेल. तसा माणूस एकच आहे."

"मला इथून काढतील."

"हो."

"दुकानात आता मुलगा बसतो. मी गेलो की गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, बाबा, तुम्ही आराम करा. घरात कुणी नाही. दुपारी दोन ते सहा ही खोली नसेल तर मी काय करायचं, ते सांगा."

बाईंनी वही परत त्यांच्या मांडीवर ठेवली. "तुमचं नाव मी घेणार नाही. पुरावा म्हणून माझ्याजवळ आहे काय? पत्त्यांच्या काही आठवणी. मी फक्त पाच वाजता सुनेच्या शेजारी उभी राहणार आहे, आणि काय होईल ते झालं की तिला घरी नेणार आहे."

पाच वाजता मालकांच्या खोलीत मामा आले, सून आली, बाई आल्या. मालकांनी घड्याळ बघितले, हात पुढे केला. मामांचे हात रिकामे होते.

"मग संपलंच," मालक म्हणाले.

दार ढकलले गेले. चष्मेवाले आत आले आणि कुणाकडेही न बघता त्यांनी वही टेबलावर ठेवली.

"सोमवारी दुपारी याच्या कोटातून मी घेतली. तेव्हापासून माझ्यापाशीच आहे. यात कुणी नवं काही लिहिलेलं नाही. तक्त्याचा अर्थ तरी लिहिला असता, तर मी निदान एकदा तरी जिंकलो असतो."

मालकांनी वही उघडली. पानांमागून पाने उलटली जात राहिली. बाईंना पाने दिसत नव्हती, त्यांचा आवाज ऐकू येत होता. अकरा वर्षांच्या दुपारी. चार वेगवेगळ्या पत्ते वाटणाऱ्यांची आद्याक्षरे. मालकांनी मधली काही पाने स्वतःच्या रोजच्या नोंदींशी ताडून पाहिली, तारखा जुळल्या. मग त्यांनी एका कागदावर रेघा ओढून मोजायला सुरुवात केली, मोजून झाल्यावर पुन्हा मोजले.

"भाचीच्या टेबलावर वीसवाले इतर टेबलांपेक्षा कमी जिंकलेत," ते शेवटी म्हणाले, जरासे रुसल्यासारखे.

"मी तिला कितीदा म्हटलं, तुझा हात मला लाभत नाही," मामा म्हणाले.

"नातं लपवलंत, ते चुकलंच."

"चुकलं," सून म्हणाली. "माफ करा."

"उद्यापासून मामांनी तुमच्या टेबलावर बसायचं नाही. तुमचं काम तुमच्याकडे. फुलवालीलाही सांगा, माझी चूक झाली." मालक चष्मेवाल्यांकडे वळले. आवाज कठोर करायला त्यांना कष्ट पडले. "आणि तुम्ही... हा जिना पुन्हा चढायचा नाही."

चष्मेवाल्यांनी मान हलवली.

मामा उठले. राग त्यांना सावकाश येत होता, म्हातारपणी येतो तसा. "गाढवा! चोरायची काय गरज होती? तोंड नव्हतं? एकदा विचारायचंस मला!"

"अकरा वर्षं विचारत होतो," चष्मेवाले म्हणाले.

बाईंना मामांचा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांचा श्वास अडकून पुन्हा सुरू झालेला ऐकू आला. मामांनी टेबलावरची वही उचलली, क्षणभर तशीच धरली, मग चष्मेवाल्यांच्या दंडाला हात घातला.

"चल," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?" मालकांनी विचारले. "तुम्हाला कुणी काढलं नाही. बसा की टेबलावर, दुसऱ्या."

"दुपारी याच्या घरी बसू. चार दुपारी जातील एकेक ओळ समजवायला, डोकं जाड आहे त्याचं."

"माझ्या डोक्याचं काढू नकोस," चष्मेवाले दारातून म्हणाले. "तुझं अक्षर कुणाला लागतं का, ते बघ आधी."

दोन म्हाताऱ्यांची पावले जिना उतरत गेली. मधल्या वळणावर थांबली, एकजण खोकला की हसला ते कळले नाही, आणि पुन्हा उतरू लागली. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. हिरव्या उजेडात सून टेबलाशी गेली, पत्ते गोळा केले, पिसले. तो आवाज आज एकसारखा होता, कुठेच अडखळत नव्हता.

"वाटा हो वहिनी," ठेकेदार ओरडला, "किती वेळ ताटकळत ठेवता!"